दगड, कागद, कात्री आणि विहीर

आमच्या शेजारी नववीत शिकणारी एक मुलगी राहते. भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे तिने जपून ठेवले होते आणि ते खर्च करण्यापूर्वी ती सल्ला विचारायला माझ्याकडे आली. तिच्या घरी संगणकावर ‘एज ऑफ एम्पायर्स’ या डावपेचांच्या खेळाचा दुसरा भाग आहे. त्या खेळाला जोडायची एक पुरवणी वेगळे पैसे देऊन विकत मिळते. ती घेतली की नवी राज्ये, नवे सैनिक आणि नव्या मोहिमा खेळता येतात. थोरला भाऊ म्हणत होता, “मूळ खेळच चांगला आहे. पुरवणी हा नुसता पैसे उकळण्याचा धंदा!” मैत्रीण म्हणत होती, “पुरवणीशिवाय तो खेळ म्हणजे मिठाशिवाय आमटी.”

“काका, तुम्ही विज्ञान शिकवता ना? मग कोणाचे खरे ते सांगा,” असे म्हणून ती समोर बसली.

असा प्रश्न आला की ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून सुटका करून घेता येते. पण विचार करता माझ्या लक्षात आले की, या प्रश्नातला बराचसा भाग आवडीनिवडीचा नाहीच. तो मोजता येतो, निदान कागदावर मांडता तरी येतो. म्हणून मी तिला म्हटले, “आधी आपण दगड-कागद-कात्री खेळू या.”

हा खेळ तुम्हाला ठाऊक आहेच. दगड कात्री मोडतो, कात्री कागद कापते, कागद दगडाला गुंडाळतो. दोघांनी एकदम हात पुढे करायचा. प्रत्येक वस्तू एकीला हरवते आणि एकीकडून हरते. कोणतीही वस्तू दुसरीपेक्षा चांगली नाही, आणि म्हणूनच खेळात मजा आहे.

आता या खेळाला एक पुरवणी जोडू. जर्मनीत व फ्रान्समध्ये मुले तीन वस्तूंच्या जोडीला चौथी वस्तू घेतात, ती म्हणजे विहीर. दगड विहिरीत बुडतो, कात्रीही विहिरीत बुडते. पण कागद विहिरीचे तोंड झाकतो, म्हणून कागदापुढे विहीर हरते. पूर्वी तीन पर्याय होते, आता चार झाले. मग खेळ पूर्वीपेक्षा समृद्ध झाला, असे म्हणावयाचे का?

घाई करू नका. वहीचे पान घ्या आणि दगड व विहीर यांची तुलना एकेका प्रतिस्पर्ध्याशी करून पाहा. समोरच्याने कात्री काढली तर दगडही जिंकतो आणि विहीरही जिंकते. समोरच्याने कागद काढला तर दोघेही हरतात. समोरच्याने दगड काढला तर आपल्या दगडाची बरोबरी होते, विहीर मात्र जिंकते. समोरच्याने विहीर काढली तर दगड हरतो आणि विहिरीची बरोबरी होते. थोडक्यात, समोरून काहीही येवो, दगड कधीही विहिरीपेक्षा सरस ठरत नाही आणि दोन प्रसंगी तो कमी पडतो. मग शहाणा खेळाडू दगड काढीलच कशाला? दोघेही शहाणे असतील तर थोड्याच वेळात दगड खेळातून नाहीसा होतो. उरतात तीन वस्तू: विहीर कात्रीला हरवते, कात्री कागदाला, कागद विहिरीला. म्हणजे झाला पुन्हा तोच खेळ! विहीर आली आणि दगड तिच्यात पडला, एवढेच घडले. वस्तू चार, पण खेळ तीनचाच.

गणिताची एक शाखा अशा प्रश्नांचा अभ्यास करते. तिला खेळ सिद्धांत म्हणतात. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि तेव्हापासून अर्थशास्त्रापासून जीवशास्त्रापर्यंत त्याचा उपयोग होऊ लागला. त्या शास्त्राच्या भाषेत विहीर ही दगडावर ‘वरचढ’ आहे.

चार वस्तूंचा समतोल खेळ करताच येणार नाही का? बरोबरीची सूट द्यायची नसेल तर येणार नाही, आणि त्याचे कारण सोपे आहे. चार वस्तूंच्या जोड्या होतात सहा. प्रत्येक जोडीत एक विजय, म्हणजे एकूण सहा विजय. ते चार वस्तूंत सारखे वाटायचे तर प्रत्येकीला दीड विजय द्यावा लागेल, आणि दीड विजय नावाची गोष्ट नसते. पाच वस्तू घेतल्या तर दहा जोड्या होतात आणि प्रत्येकीला बरोबर दोन विजय मिळतात. पाच नावे एका वर्तुळावर लिहा आणि प्रत्येकीने आपल्या पुढच्या दोघींना हरवावे असे ठरवा, खेळ तयार. म्हणजे चौथी वस्तू जोडून जे साधले नाही ते चौथी आणि पाचवी एकदम जोडून साधते. पुरवणीत किती माल आहे यापेक्षा तो मूळ खेळात कसा बसतो हे आधी पाहावे लागते, ते यासाठी.

आता संगणकाच्या खेळाकडे वळू. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. ‘एज ऑफ एम्पायर्स’चा दुसरा भाग, ‘द एज ऑफ किंग्ज’, अमेरिकेतील डॅलस येथील एन्सेंबल स्टुडिओज या संस्थेने तयार केला आणि मायक्रोसॉफ्टने तो १९९९ साली प्रसिद्ध केला. मध्ययुगातील तेरा राज्यांपैकी एक आपण निवडायचे. मूठभर गावकऱ्यांपासून सुरुवात करायची. त्यांच्याकडून अन्न, लाकूड, सोने आणि दगड गोळा करायचे, घरे-किल्ले बांधायचे, सैन्य उभारायचे आणि चार युगे ओलांडत प्रतिस्पर्ध्याला नमवायचे. सर्व काही एकाच वेळी चालू असते. बुद्धिबळाप्रमाणे आपली पाळी येईपर्यंत हनुवटीवर हात ठेवून विचार करीत बसण्याची सोय येथे नाही.

२००० सालच्या ऑगस्टमध्ये याची पहिली पुरवणी आली, ‘द कॉन्करर्स’. ॲझ्टेक, माया, हूण, कोरियन आणि स्पॅनिश अशी पाच राज्ये तिने वाढविली. तेराची अठरा झाली. जाहिरातींत भर होता तो या पाच नावांवर. पण जुन्या खेळाडूंना विचाराल तर त्यांतले बरेच जण आधी दुसऱ्याच गोष्टीचे नाव काढतील. ती गोष्ट म्हणजे शेती.

शेत पेरण्याची कटकट

या खेळात शेत तयार करायला साठ लाकूड लागते. सुधारणा न केलेले शेत एकशे पंचाहत्तर एकक अन्न देते आणि मग ओसाड पडते. (खरा शेतकरी हे ऐकून हसेल, पण खेळाचे नियम खेळापुरते.) मूळ खेळात शेत संपले की गावकरी तेथेच स्वस्थ उभा राहत असे. ते शेत शोधून, त्यावर जाऊन, गावकऱ्याला पुन्हा पेरायला सांगावे लागे.

समजा, एक शेत आठ मिनिटे टिकते आणि तुमच्याकडे तीस शेते आहेत. आठ मिनिटे म्हणजे ४८० सेकंद. ४८० ला ३० ने भागा. दर सोळा सेकंदांना कोठे ना कोठे एक शेत ओसाड पडणार! सीमेवर लढाई पेटली आहे, घोडदळ कोणत्या बाजूने वळवावे हा खरा विचार करण्याचा प्रश्न समोर आहे, आणि सेनापती दर सोळा सेकंदांना मागे वळून पेरणी करतो आहे. खेळ अवघड होतो हे खरे. पण हा अवघडपणा हमालीचा आहे. त्यात ठरवण्यासारखे काहीच नाही, कारण शेत पुन्हा पेरायचे की नाही याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘होय’ असेच असते.

‘द कॉन्करर्स’ने गिरणीत एक सोय केली. पुढच्या पेरण्यांचे लाकूड आगाऊ भरून ठेवायचे. शेत संपले की त्या जमेतून पेरणी आपोआप होते. गंमत अशी की, या सोयीने हमाली गेली आणि तिच्या जागी एक लहानसा खरा निर्णय आला. दहा पेरण्या आगाऊ भरल्या तर सहाशे लाकूड अडकून पडते. ते आज शेतीत गुंतवावे की त्यातून धनुर्धारी उभे करावेत? शत्रू दाराशी असेल तर एक उत्तर, लांब असेल तर दुसरे. पुढे २०१९ साली या खेळाची नव्याने घडविलेली ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली. तिच्यात पेरणी आपोआप होत राहील अशीही तजवीज झाली, म्हणजे तो लहानसा निर्णयही संपला. मला स्वतःला मधली पायरी जास्त आवडते, पण येथे मात्र आवडीचा प्रश्न आहे हे कबूल करतो.

तेव्हा पुरवणीची पहिली कसोटी अशी ठरवता येईल: डोके लावून घ्यावयाचे निर्णय वाढले काय आणि नुसत्या हालचाली कमी झाल्या काय? शेतीच्या बाबतीत ‘द कॉन्करर्स’ या कसोटीला उतरते. लाकडाची वखार बांधून झाली की बांधणारा गावकरी आपण होऊन लाकडे तोडायला लागतो, हीदेखील त्या पुरवणीचीच देणगी. लहान गोष्ट, पण दर खेळात ती पुन्हा पुन्हा उपयोगी पडते.

भाला किती लांब असावा?

दुसरी कसोटी आपल्या विहिरीची. या खेळातही एक चक्र आहे. घोडेस्वार धनुर्धाऱ्यांना तुडवतात, धनुर्धारी भालाईतांना दुरून टिपतात, भालाईत घोडेस्वारांना रोखतात. चक्र तेच, पण येथे कोणी कोणाला किती प्रमाणात हरवते हे आकड्यांवर ठरते. चक्रातला एक बाण दुबळा असला तर सगळा खेळ एका बाजूला कलतो. मूळ खेळात भालाईतांची सर्वांत पुढची पायरी होती ‘पाइकमन’. घोडदळाची सर्वांत पुढची पायरी ‘पॅलाडिन’, म्हणजे नखशिखांत चिलखत घातलेला सरदार. पुरवणीने भालाईतांना आणखी एक पायरी दिली: ‘हॅलबर्डिअर’. हॅलबर्ड म्हणजे टोकाला भाला आणि बाजूला फरसा असलेले लांब दांड्याचे हत्यार.

याने काय फरक पडला, तो आकड्यांत पाहू. पॅलाडिनचा जीव १६०. त्याचे चिलखत प्रत्येक घावातून २ वजा करते. पाइकमनचा घाव ४, आणि समोर घोडेस्वार असेल तर २२ जादा. म्हणजे एका घावाला ४ − २ + २२ = २४. सहा घावांनी १४४ होतात. सातव्या घावाला पॅलाडिन पडतो. हॅलबर्डिअरचा घाव ६ आणि जादा ३२. एका घावाला ६ − २ + ३२ = ३६. चार घावांनी १४४, पाचव्याला पॅलाडिन आडवा. सातावरून पाचावर! भालाईत दर तीन सेकंदांनी घाव घालतो असे धरले, तर पहिल्या घावापासून शेवटच्या घावापर्यंतचा वेळ अठरा सेकंदांवरून बारा सेकंदांवर येतो. लोहारखान्यातील सुधारणा मी हिशेबात धरलेल्या नाहीत. त्या धरून गणित तुम्ही करून पाहा.

आता किंमत पाहा. पॅलाडिनला साठ अन्न आणि पंचाहत्तर सोने. हॅलबर्डिअरला पस्तीस अन्न आणि पंचवीस लाकूड, सोने अजिबात नाही. आणि नकाशावरच्या सोन्याच्या खाणी कधी ना कधी संपतात. म्हणजे सोने संपलेल्या गरीब राज्यालाही श्रीमंताच्या घोडदळापुढे उभे राहता येते.

मग हॅलबर्डिअर हीच नवी विहीर झाली का? नाही. धनुर्धारी त्याला पूर्वीसारखेच दुरून टिपतात आणि दगडफेकी यंत्रांपुढे त्याचा निभाव लागत नाही. त्याने कोणालाही निरुपयोगी केले नाही. चक्रातला दुबळा बाण तेवढा भक्कम केला. दगड-कागद-कात्रीच्या भाषेत सांगायचे तर या पुरवणीने चौथी वस्तू आणली नाही, बोथट झालेल्या कात्रीला धार लावून दिली.

नवे सैनिक न आणताही खेळ किती बदलू शकतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण बुद्धिबळात आहे. जुन्या शतरंजात वजीर तिरप्या रेषेत फक्त एक घर चालत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची चाल मिळाली आणि संथ खेळ एकदम चपळ झाला. तेथे मात्र समतोलाची चिंता नव्हती. दोन्ही बाजूंना सारखाच वजीर मिळाला होता. आपल्या संगणकाच्या खेळात दोन्ही बाजू वेगवेगळ्या असतात, आणि सगळी अडचण तेथूनच सुरू होते.

वेगळेपणाची किंमत

ॲझ्टेक आणि माया या राज्यांना घोडदळ नाही. हे खेळ करणाऱ्यांच्या लहरीने झालेले नाही. अमेरिका खंडातील मूळ घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले होते. पुन्हा घोडे आले ते स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून. म्हणून या दोन राज्यांना घोड्याऐवजी भराभर धावणारा ‘ईगल वॉरिअर’ दिला आहे. ही कल्पना मला फार आवडते. इतिहासातील एका उणिवेतून खेळण्याची वेगळी पद्धत जन्माला आली. (त्याच ॲझ्टेकांना हातगाडीची सुधारणा मात्र घेता येते! प्रत्यक्षात त्यांच्या प्रदेशात चाके लावलेली मातीची खेळणी सापडली आहेत, पण ओझी ते पाठीवरूनच वाहत. खेळात इतकी सूट चालायचीच.)

पण प्रत्येक नव्या राज्याचे जुन्या प्रत्येक राज्याशी जमले पाहिजे. तेरा राज्यांच्या वेगवेगळ्या जोड्या किती? १३ × १२ ÷ २ = ७८. अठरा राज्यांच्या? १८ × १७ ÷ २ = १५३. राज्ये वाढली पाच, पण तपासावयाच्या जोड्या जवळजवळ दुप्पट झाल्या. शिवाय प्रत्येक जोडी मैदानी नकाशावर वेगळी वागते आणि बेटांच्या नकाशावर वेगळी.

इतक्या जोड्यांत कोठे तरी चूक राहणारच, आणि ती राहिली. हूणांना घरे बांधावीच लागत नाहीत. इतरांचे एक घर पाच माणसांची सोय करते, तेव्हा दोनशे लोकांच्या राज्याला चाळीसच्या आसपास घरे लागतात. हूणांचे सुरुवातीचे लाकूड थोडे कमी केलेले होते, पण पुढे ती सगळी घरे वाचत, आणि ती बांधण्याकडे द्यावे लागणारे लक्षही वाचत असे. ‘अरेबिया’ या मोकळ्या मैदानी नकाशावर याचा परिणाम असा झाला की, कित्येक वर्षे पुष्कळ खेळाडू दोन्ही बाजूंनी हूणच घेऊन खेळत. त्या लढतीला ‘हूण वॉर’ असे नावच पडले. अठरा राज्ये पेटीत, आणि मैदानात दोन्हीकडे एकच! विहिरीची गोष्ट आठवली ना? एवढे मात्र खरे की, बेटांच्या नकाशावर हूणांचा तोरा चालत नसे. तेथे वायकिंगांची जहाजे भारी पडत. म्हणजे हूण ही पुरती विहीर नव्हती. कोरड्या जमिनीवर मात्र तिचे पाणी खोल होते.

याउलट उदाहरण आहे ‘स्टारक्राफ्ट’चे. हा खेळ ३१ मार्च १९९८ रोजी आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची पुरवणी ‘ब्रूड वॉर’ आली. त्यात पक्ष तीनच: टेरन, झर्ग आणि प्रोटॉस. पुरवणीने चौथा पक्ष आणला नाही. आहेत त्या तिघांना मिळून सात नवे प्रकार दिले, तेही एकमेकांवर नजर ठेवून. टेरनांना जखमा भरून काढणारी ‘मेडिक’ मिळाली. तिच्याभोवती दाटीने उभे राहणारे शिपाई चिवट झाले. पण झर्गांना ‘लर्कर’ मिळाला. तो जमिनीत पुरून घेतो आणि एका सरळ रेषेत काटे फेकतो, म्हणजे दाटीने उभे राहणारेच त्याचे सर्वांत सोपे भक्ष्य. दुखणे आणि औषध एकाच पुडीत! पक्ष तीन असल्यामुळे तपासायच्या जोड्याही तीनच. २००१ सालानंतर त्या खेळाच्या आकड्यांत कोणताही मोठा बदल झाला नाही. तरीही दक्षिण कोरियात त्यावर व्यावसायिक खेळाडूंचे सामने वर्षानुवर्षे दूरदर्शन वाहिन्यांवरून दाखविले जात होते. उरलासुरला तोल नकाशे बदलून सांभाळला जाई. खेळपट्टी बदलून फिरकी गोलंदाजाला मदत करावी किंवा ती काढून घ्यावी, तसाच हा प्रकार.

बारा आणि आठ

आमच्या शेजारणीच्या मनात होती ती पुरवणी मात्र नवी होती: २०२२ साली निघालेली ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’. १९९९ च्या मूळ खेळात भारतीय राज्य नव्हतेच. २०१३ साली ‘द फरगॉटन’ या पुरवणीत ‘इंडियन्स’ हे एकच राज्य आले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आणि सहाव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत सारे त्या एका नावात कोंबलेले! २०२२ मध्ये त्याची फोड झाली. बंगाली, द्रविड आणि गुर्जर ही तीन नवी राज्ये निघाली आणि जुन्याला हिंदुस्तानी हे नाव मिळाले. वनस्पतिशास्त्रात एक जात समजलेल्या झाडांच्या चार जाती निघाव्यात, तसे झाले. राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या मोहिमा खेळायला मिळतात हे उत्तमच. देवगिरीच्या यादवांना स्वतंत्र जागा मिळाली नाही याची मला जराशी खंत आहे. पण त्या पुरवणीबरोबर राज्यांची संख्या बेचाळीस झाली होती, आणि बेचाळिसांच्या जोड्या होतात ८६१. आणखी एक मागायला जीभ रेटत नाही.

शेवटी तिने पुरवणी घेतलीच. महिन्याभराने विजयी मुद्रेने येऊन म्हणाली, “काका, गुर्जर म्हणजे विहीर आहेत! मी आणि मैत्रीण वीस डाव खेळलो. मी गुर्जर घेतले आणि बारा जिंकले.”

वीस डावांत बारा. तुम्हाला काय वाटते? पुरावा पुरेसा आहे का?

याचे उत्तर देण्यासाठी संगणक लागत नाही, एक नाणे पुरते. नाणे काही कोणाचा पक्षपात करीत नाही. तरीही ते वीस वेळा उडवले तर बारा किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे २५ टक्के आहे. म्हणजे दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ असत्या, तरी अशा चार महिन्यांपैकी एका महिन्यात ती तेवढ्याच आनंदाने माझ्याकडे आली असती! ढोबळ नियम असा की, तुल्यबळ बाजूंच्या डावांत नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार डावांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या निम्मा असतो. शंभर डाव खेळलात तर चढउतार पाचांचा, म्हणजे पंचावन्न विजयांचेही फारसे नवल नाही. दहा हजार डाव खेळले गेले तर चढउतार पन्नासाचा, म्हणजे अर्धा टक्का. तेव्हा कोठे शंभरात त्रेपन्न जिंकणारे राज्य खरोखर वरचढ आहे, असे म्हणता येते. २००० साली पुरवणी करणाऱ्यांना इतके डाव प्रसिद्धीपूर्वी मिळणे शक्य नव्हते. आता जगभरातले खेळाडू जाळ्यावरून एकमेकांशी खेळतात, त्यांचे निकाल आपोआप नोंदले जातात, आणि त्यावरून आकडे वर-खाली करून नव्या दुरुस्त्या पाठवल्या जातात. आजची पुरवणी दुकानात येते तेव्हा ती पुरी झालेलीच नसते. खेळणारे तिची परीक्षा घेत असतात.

भाऊ आणि मैत्रीण यांच्या भांडणात माझे मत तिने विचारलेच, तेव्हा मी एवढे सांगितले: ‘द कॉन्करर्स’ने मूळ खेळ सुधारला असे मी म्हणतो, पण तो गिरणीमुळे आणि हॅलबर्डिअरमुळे, हूणांमुळे नव्हे. नव्या पुरवणीबद्दल वीस डावांवरून मी काहीच म्हणणार नाही. यावर ती थोडी हिरमुसली. मग वहीत काहीतरी मोजले आणि म्हणाली, “दहा हजार डाव, एकेक डाव अर्ध्या तासाचा. रोज दोन खेळलो तरी जवळजवळ चौदा वर्षे लागतील!” हिशेब बरोबर होता.

हा प्रयोग तुम्ही वर्गात करू शकता. चाळीस विद्यार्थी असतील तर प्रत्येकाने एक नाणे वीस वेळा उडवावे आणि छापे मोजावेत. बारा किंवा अधिक छापे पडलेल्यांनी हात वर करावा. साधारण दहा हात वर होतील. आठही होतील किंवा तेराही होतील. मग हात वर केलेल्या प्रत्येकाने तेच नाणे आणखी वीस वेळा उडवावे. दुसऱ्या खेपेला त्यांच्यापैकी किती जणांचे हात वर राहतात, ते फळ्यावर लिहून ठेवा.